अफनानच्या नमुन्यातली साखर

पाच वर्षांच्या अफनानच्या रक्तात साखर ब्याण्णव, म्हणजे अगदी योग्य होती; लघवीत मात्र इतकी, की तपासणीच्या पट्टीवरचा सर्वांत गडद रंगही अपुरा पडला.

जेद्दातल्या त्या इस्पितळाच्या बाल-आपत्कालीन विभागात शोभना नर्स प्रॅक्टिशनर होती. बारा वर्षांची परिचर्या आणि वर दोन वर्षांचे शिक्षण झाल्यावर मुलांना तपासून उपचार ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला होता. नाशिकला तिची आई मात्र ‘तिकडे इंजेक्शनं देते’ एवढेच सांगत असे. शोभनाने दुसरी पट्टी बुडवली. उत्तर तेच.

“मूत्रपिंडाचा दोष असेल,” डॉक्टर हाशम म्हणाले. “ॲडमिट करा. यल्ला, चला लवकर.”

अफनानच्या आईने, तस्नीमने, विमानाची तिकिटे पुढे केली. “सिस्टर, संध्याकाळी सहाचं विमान आहे हो! परवा रत्नागिरीत माझ्या बहिणीचा निकाह. काल हिला ताप आला म्हणून आणली, तर तुम्हीच म्हणालात, सकाळची पहिली लघवी आणा.”

“हिने आत्ता पुन्हा दिली, तर काहीतरी करता येईल.”

“नो,” अफनान म्हणाली. “पहलेवाली किधर गई? मैंने दी थी ना!”

प्रश्न रास्त होता. शोभनाने प्रयोगशाळेला त्या नमुन्यातले क्रिएटिनिन मोजायला सांगितले. हे द्रव्य प्रत्येकाच्या लघवीत असतेच. उत्तर आले : शून्य. तिने डबीचे झाकण उघडून वास घेतला. लिंबू.

“तस्नीमताई, नमुना कशात ठेवला होता?”

“तुमच्या डबीची हिने बाहुलीसाठी बादली केली. मग कोकम सरबताची रिकामी बाटली उकळून घेतली. गावच्या बाटल्या टाकवत नाहीत हो. थंड ठेवा म्हणालात, म्हणून फ्रिजात ठेवली. इथे आल्यावर नवीन डबीत ओतली.”

“फ्रिजात तशी आणखी बाटली?”

“एकच. लिंबाच्या ग्लुकोजची. आमच्या ह्यांना कामावर जाण्याआधी लागते.”

दोघींनी दाराशी उभ्या असलेल्या अफनानच्या वडिलांकडे, वहाबभाईंकडे पाहिले.

“आजचं जरा खारट होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, हिने मीठ घातलं.”

“पप्पाने मेरी सू-सू पी ली!” अफनान एवढी खदखदून हसली, की वेळेत डबी पोहोचवायला शोभनाला धावावे लागले.

या नमुन्यात क्रिएटिनिन होते. साखर नव्हती, जंतुसंसर्गाची खूणही नव्हती. ताप सकाळीच उतरला होता. डॉक्टर हाशमनी घरी जाण्याच्या कागदावर सही केली आणि गंभीरपणे विचारले, “वडिलांना ॲडमिट करायचं का?”

“गरज नाही,” शोभना म्हणाली आणि तिने नोंद पूर्ण केली :

‘फ्रिजमध्ये सारख्या दोन बाटल्या होत्या. आईने इस्पितळात आणले, ते लिंबाचे ग्लुकोज. रुग्णाचा नमुना वडिलांनी सकाळी साडेसात वाजता, बर्फ घालून, प्यायला होता.’