डावा फाटा

हार्लन ओस्टबी आयुष्यात एकदाच खरं बोलला आणि नेमकं तेव्हाच विल्माचं अख्खं हॉटेल खो-खो हसलं.

"हसा! हसा लेको!" तो ओरडला. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या डुएनची कॉफी सांडली. "नदीच्या डाव्या फाट्यात झाड आडवं पडलंय म्हणतोय मी. अख्खं स्प्रूस, मुळासकट. या काठापासून त्या काठापर्यंत. यात हसण्यासारखं काय आहे?"

"झाड मोठं आहे की त्याच्याखालचे मासे?" डुएनने विचारलं, आणि हसण्याचा दुसरा फेरा सुरू झाला.

हसणार नाहीत तर काय करतील? एल्कहॉर्न नदीवर गिऱ्हाइकं होडीत बसवून त्यांना माशांच्या जागा दाखवणारे आम्ही सगळे एकजात खोटारडे. हिवाळ्यात स्टीलहेड मासा समुद्रातून नदीत चढतो, पण चढला म्हणून लगेच गळाला लागत नाही. पाऊस थांबावा लागतो, वर डोंगरात गोठावं लागतं, मग चॉकलेटी नदी उतरत उतरत हिरवी होते, आणि तेव्हा कुठे दोन-चार दिवस मिळतात. पुन्हा पाऊस आला की खेळ खलास. अशा दिवसांत कोण कोणाला खरं सांगतोय? पाणी हिरवं असलं की म्हणायचं, गढूळ आहे हो अजून. मासे खालच्या डोहात असले की वरच्या डोहाकडे बोट दाखवायचं. दिवसभर मासे खेळवून आलेला माणूस हॉटेलात शिरताना तोंड असं पाडून येतो की जणू घरात कोणी गेलंय. आणि या सगळ्या खोटारड्यांचा मुकुटमणी हार्लन.

"झाडाबद्दल तरी कोणी खोटं बोलेल का?" हार्लन म्हणाला. "माणूस मरतो अशाने!"

"तू बोलला होतास," विल्मा गल्ल्यामागून म्हणाली. "मोठा पूर आला त्या वर्षी. पुलाखाली झाड अडकलंय म्हणालास. चार होड्या घरी बसल्या आणि तू पुलाखाली नांगर टाकून बसलास. माझा नवरा त्या चारांत होता."

हार्लनला त्या हसणाऱ्यांचं काही पडलं नव्हतं. सगळे बुडाले असते तरी त्याने रात्रीचं जेवण सोडलं नसतं. तो बोलत होता कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघून. तिथे त्याची मुलगी मार्नी गळाला गुलाबी लोकरीचा तुकडा बांधत बसली होती. ती एकटीच हसली नव्हती. तिने मान वरच केली नव्हती.

मार्नीही होडी चालवते. बापानेच शिकवलं. वल्हं कसं धरायचं, खडकामागे होडी कशी थोपवायची, आणि नदीवर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, "माझ्यासुद्धा!" हे सगळं त्याचंच शिक्षण. ती तेव्हा हसायची. गेल्या हिवाळ्यात मात्र त्याने तिला याच हॉटेलात सांगितलं, की वर दरड कोसळलीय, नदी चार दिवस तरी चॉकलेट राहणार. तिने बापावर विश्वास ठेवून गिऱ्हाइकांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हा स्वतःची गिऱ्हाइकं घेऊन उतरला. नदी हिरवीगार. गळांच्या दुकानात फोटो लागला, हार्लन मध्ये, दात काढून. मार्नीने जाब विचारला तर म्हणाला, "धंद्यात बाप-लेक नसतं, पोरी." त्या दिवशी तिने सामान उचललं आणि गावाबाहेर एका चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहायला गेली. तेव्हापासून बोलणं बंद.

आता तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"उद्या तू उतरणार आहेस."

"टेपवर पाणी काय सांगतायत ऐकलंस ना?" ती गळाशीच बोलली. नदीची पातळी फोनवर, टेपवर ऐकू येते. त्या दिवशी सगळ्या गावाने तो नंबर फिरवला होता. "उद्या सगळं गाव उतरणार आहे."

"उतर की. पण डाव्या फाट्यात शिरू नकोस. झाड वळणाच्या पलीकडे आहे, शिरल्याशिवाय दिसत नाही. आणि शिरलं की धार मागे फिरू देत नाही. पाणी फांद्यांतून गाळणीतून चहा जावा तसं निघून जातं. होडी जात नाही. माणूसही जात नाही. मी परवा उतरलो होतो."

"परवा? नदी चॉकलेट होती परवा."

"म्हणूनच उतरलो! तुमच्या आधी बघायला! हावरट आहे मी, माहीत नाही का तुला? आतल्या काठाच्या गोट्यांवर आदळलो म्हणून वाचलो. मग दोराने होडी ओढत बेटावरून मागे आणली. हे बघ." त्याने दोन्ही तळवे तिच्या नाकासमोर धरले. दोराने सोलवटलेले, लालभडक.

मार्नीने तळवे बघितले. क्षणभर तिची बोटं थांबली. हार्लनला वाटलं, जमलं.

"हे पुलाखालच्या झाडाने झालं की दरडीने?" ती म्हणाली.

मागे डुएन फिसकन हसला. हार्लनच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी होती. एवढं खरं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि खरं बोलून हे ऐकायचं? तो खाली वाकला, टेबलाला दोन्ही हातांनी धरून, आणि अगदी हळू आवाजात त्याने ती गोष्ट सांगितली जी त्याने मेलेल्या बायकोलाही कधी सांगितली नव्हती. "उजव्या फाट्याने जा. जुन्या लाकूडगिरणीच्या भिंतीखाली, उन्हात दिसणार नाही अशी एक घळ आहे. हिरव्या पाण्यात मासा तिथे थांबतो. नेहमी. माझी जागा आहे ती. घे. तुला दिली."

मार्नीने आता कुठे मान वर केली. डोळे असे, की हार्लन एक पाऊल मागे सरला.

"आता जागापण द्यायला लागलास?" ती म्हणाली. "बाबा, डाव्या फाट्यात आहे तरी काय? सोनं आहे का रे?"

हॉटेल पुन्हा फुटलं. हार्लनने खुर्चीला लाथ घातली, दार ओढलं आणि बाहेर पडला. गाडीत बसून त्याने आधी तिला शिव्या दिल्या, मग डुएनला, मग विल्माच्या नवऱ्याला. सरकारी कचेरीत त्याने सकाळीच फोन केला होता. झाड बघायला माणूस सोमवारी येणार होता. सोमवारी! आणि पोरगी उद्या पहाटे दोन गिऱ्हाइकांना घेऊन नदीत. तिला बांधून घालू काय? तिच्या होडीला भोक पाडू? तेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण भोक दिसलं असतं तर ती दुसऱ्याची होडी मागून, मुद्दाम, डाव्या फाट्यातच गेली असती. हट्टाची रेघ तिच्यात उतरली होती ती कोणाकडून, हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

उजाडायच्या आधी तो नदीवर होता. पाणी उतरलं होतं, आणि बॅटरीच्या उजेडातही दिसत होतं, की रंग धरलाय. कुठल्याही हिवाळ्यात हार्लनने असं पाणी बघून आनंदाने शीळ घातली असती. आज त्याने नदीलाही एक कचकचीत शिवी दिली. तो एकटा उतरला, जिथे बेट लागतं आणि नदीचे दोन फाटे होतात तिथे आला, आणि डाव्या फाट्याच्या बरोबर तोंडावर होडी आडवी करून नांगर सोडला.

आमच्याकडे चर्चमध्ये शिवी दिलेली खपेल, पण दुसऱ्याच्या वाटेत होडी लावलेली खपत नाही. पहिली होडी आली ती डुएनची. त्याने हार्लनला बघितलं, आधी "वा, हार्लनराव!" म्हणाला, मग जे काय म्हणाला ते इथे सांगण्यासारखं नाही, आणि थुंकून उजवीकडे गेला. डुएनशी हार्लनला काही देणंघेणं नव्हतं.

मग मार्नी आली. पुढच्या बाकावर टाकोमा शहरातून आलेले दोघे भाऊ, नव्याकोऱ्या जॅकेटांत. तिने बापाची होडी पाहिली आणि तिचा चेहरा थंडीतही तापलेला दिसला.

"बाजूला हो."

"नाही होणार."

"बाबा, माझी गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्यासमोर तमाशा नको. बाजूला हो."

"त्यांच्यासमोरच करणार! ऐका हो, तुम्ही दोघं! ही तुम्हाला मारायला नेतेय!"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. मार्नीने काठाजवळच्या संथ पाण्यात नांगर टाकला आणि उभी राहिली. "लाज नाही वाटत तुला? गेल्या वर्षी माझी गिऱ्हाइकं घालवलीस. या वर्षी वाट अडवून बसलास. एवढी हाव? स्वतःच्या पोरीच्या ताटातलं ओढतोस?"

"बेटावर उतर! झुडपांतून चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. झाड नसलं तर माझ्या तोंडावर थुंक."

"हो, आणि मी झुडपांत असेपर्यंत तू आत जाऊन गळ टाकणार. हाच डाव तू त्या टर्नर होडीवाल्यावर केलास, तेव्हा मी तुझ्या होडीत होते. आठवतंय? सातवीत होते मी. तू हसत होतास."

हार्लनला आठवत होतं. काय बोलणार? जे बोलायचं ते सगळं त्याने आधीच कधी ना कधी खोटं म्हणून वापरून टाकलं होतं. शपथ घ्यावी, तर शपथाही घेऊन झाल्या होत्या. रडावं, तर एकदा एका गिऱ्हाइकासाठी तेही केलं होतं.

मार्नीने नांगर उचलला. त्याची होडी आणि बेट यांच्यामध्ये अरुंद फट होती, आणि ती फट तिला पुरली असती. तिच्याइतक्या सफाईने होडी काढणारं नदीवर दुसरं कोणी नव्हतं. तिने नाक फटीकडे वळवलं.

"मार्नी!"

ती थांबली नाही.

मग हार्लन होडीतून पाण्यात उतरला. पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि बर्फासारखं. त्याने कमरेचा चाकू काढला, नांगराचा दोर एका झटक्यात कापला आणि दोन्ही हातांनी आपली होडी फाट्यात ढकलून दिली. सीडरच्या लाकडाची होडी. एक हिवाळाभर घरामागच्या शेडमध्ये स्वतः बांधलेली. मार्नी तेव्हा लहान होती, फळ्यांना तेल चोळायची आणि हात धुवायला नको म्हणायची. वल्ही, गळ, डबा, सगळं तिच्यात होतं.

"बघ!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "घे, बघ! मासे मारायला चाललोय मी!"

मार्नीने दोन्ही वल्ही पाण्यात रोवून होडी थोपवली. रिकामी होडी धारेने ओढली, नाक पुढे करून सरळ गेली, जणू कोणी वल्हवतंय, वळणावर जराशी कलली आणि दिसेनाशी झाली.

काहीच ऐकू आलं नाही. टाकोमाच्या एका भावाने खोकून घसा साफ केला. मग लाथेने दार फोडावं तसा एक आवाज आला. मग दुसरा, लांबलचक, फळी फळीपासून सुटत जावी तसा. मग पुन्हा नुसतं पाणी. सगळे तिकडेच बघत राहिले, निदान एखादं वल्हं तरी खालच्या अंगाला बाहेर पडेल म्हणून, जिथे फाटा बेटाच्या शेंड्याशी परत नदीला मिळतो. काहीही बाहेर आलं नाही.

मार्नीने होडी काठाला लावली. दोर एका झुडपाला बांधला, दोनदा, कारण पहिल्यांदा गाठ नीट बसेना. मग गोट्यांवरून धडपडत बापापाशी आली. हार्लनला वाटलं, आता गळ्यात पडेल. तिने दोन्ही मुठी त्याच्या छातीवर मारल्या. तो मागच्या मागे पाण्यात बसला.

"मी उजवीकडूनच जाणार होते!" ती किंचाळली.

"काय?"

"उजवीकडून! काल दुपारपर्यंत डावा फाटा माझ्या डोक्यातही नव्हता. एवढ्या पाण्याला डाव्या फाट्यात जातंय कोण? गेल्या दोन हिवाळ्यांत मी एकदाही गेले नव्हते तिथे. तू जाऊ नको म्हणालास ना, म्हणून आले मी. तू सांगितलंस म्हणून!" तिचा श्वास पुरेना. "या दोघांना घेऊन आले. तू गप्प बसला असतास तर मी आले नसते."

हार्लन पाण्यातच बसून राहिला. गार पाणी रबरी विजारीच्या वरच्या काठावरून आत उतरत होतं, तरी उठायचं सुचलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "बस होडीत. आणि एक शब्द बोलू नकोस."

तो उठला. टाकोमाच्या भावांनी सरकून त्याला जागा दिली आणि एकाने स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगावर टाकलं. मार्नीने उजवा फाटा धरला. ती नाक शिंकरत, डोळे बाहीने पुसत, जोरजोरात वल्ही मारत होती.

फाट्याच्या मध्यावर, अगदी समोर, पाण्याखाली खडक होता. वर नुसती एक गुळगुळीत सुरकुती दिसत होती. हार्लनला ती लांबूनच दिसली. त्याने मागे वळून बघितलं. मार्नीचे डोळे पुसून झाले नव्हते. त्याने होडीची कड दोन्ही सोलवटलेल्या हातांनी घट्ट धरली, दात आवळले, आणि एक शब्द बोलला नाही.

तिने तो खडक स्वतःच पाहिला आणि चुकवला.