चार्ज केलेली बॅटरी जड असते

‘यंत्रपेठ’ या संकेतस्थळावर मी गेली पंधरा वर्षं पडीक आहे. तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि त्यांच्याखाली चर्चा, एवढंच ते प्रकरण. एके काळी तिथे माणसं होती. इन्व्हर्टरची बातमी आली की बोरिवलीचा सुबोध घरचा इन्व्हर्टर उघडून बसायचा आणि मोजलेले आकडे टाकायचा. मी मुलुंडमधून ते आकडे खोडून काढायचो. मग तोही मला सोडायचा नाही. प्रतिक्रियेची सुरुवात ‘मी करून पाहिलं’ अशी करायची, हा तिथला न लिहिलेला नियम होता. ज्याने करून पाहिलं नाही त्याने गप्प बसायचं, आणि लोक खरंच गप्प बसायचे.

आता सगळे बाजारबुणगे. ‘सर छान माहिती.’ ‘दादा लिंक द्या.’ ‘यावर व्हिडिओ बनवा.’ बातमी शेवटपर्यंत वाचणं यांना कमीपणाचं वाटतं. मध्यंतरी एकाने ब्लूटूथमुळे गुडघे दुखतात असं ठोकून दिलं, तर खाली पन्नासेक लोकांनी आपापल्या गुडघ्यांची कहाणी मांडली. सुबोध कंटाळून केव्हाच निघून गेला. मी राहिलो. या लोकांना मनातल्या मनात मूर्ख म्हणण्याची मला चटक लागली होती, आणि त्यात सुख असतं हे मी नाकारणार नाही.

मग इलेक्ट्रिक स्कूटर घरी चार्ज करण्याबद्दल बातमी आली. पहिल्याच शहाण्याने बॅटरी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला दिला. दुसऱ्याने विचारलं, फ्रीझरमध्ये चालेल का. माझं डोकं सणकलं. तिथे माझं नाव ‘जुना फ्यूज’. त्या नावाने मी लिहिलं:

‘पिलरजवळ स्कूटर चार्ज करू नये. पिलरमधल्या लोखंडी सळ्या बॅटरीची ऊर्जा शोषून घेतात आणि त्यामुळे स्लॅबला ओल येते. बॅटरी लिफ्टनेही नेऊ नये. चार्ज केलेली बॅटरी जड असते, लिफ्टचं गणित चुकतं. इलेक्ट्रिकलचा तीस वर्षांचा अनुभव.’

अनुभव खरा होता, बाकी सगळी थट्टा. वाटलं, कुठल्यातरी कोपऱ्यात एखादा जुना गडी उरला असेल, तो तरी हसेल. एकही माणूस हसला नाही. आठशेवर लाइक पडले. ‘अगदी बरोबर सर, आमच्याही पिलरला ओल आहे.’ मी बायकोला ते वाचून दाखवलं आणि पोट धरून हसलो.

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. पार्किंगमधल्या एका पिलरला ओल आहे. ती ओल आमचे सेक्रेटरी शरच्चंद्र यांच्या बाथरूममधून येते. अख्ख्या बिल्डिंगला हे ठाऊक आहे. ते समोर नसले की सगळे त्यावरच बोलतात, ते आले की पाणीकपातीवर. त्याच पिलरशेजारी चौथ्या मजल्यावरची किरण स्वतःच्या मीटरवरून आणलेल्या पॉइंटवर स्कूटर चार्जिंगला लावते. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे, म्हणून स्कूटरला मागे दोन जादा चाकं. ऐरोलीला तिची नोकरी. बसची पायरी तिला जमत नाही, रोजची रिक्षा परवडत नाही. स्कूटर नाही तर नोकरी नाही, इतका साधा हिशेब.

रविवारी पार्किंगमध्येच भरलेल्या मीटिंगमध्ये शरच्चंद्रांनी चष्मा चढवला आणि मोबाइलवरून माझीच प्रतिक्रिया खणखणीत आवाजात वाचून दाखवली. ‘सळ्या ऊर्जा शोषून घेतात’ हे वाक्य तर दोनदा. वाचून झाल्यावर त्यांनी ओल्या पिलराकडे बोट केलं. लोकांनी पिलर असा पाहिला, जणू तो काल रात्री उगवला होता.

मी उठलो. “हे मी लिहिलंय. थट्टेत लिहिलंय.” माझा मोबाइल उघडून त्यांना नाव दाखवलं.

त्यांनी शांतपणे पाहिलं आणि मोबाइल परत दिला. “म्हणजे घरी बसून तुम्ही खरं ते लिहिलंत. आता पोरगी समोर बसलीय म्हणून शब्द फिरवताय. माणुसकी म्हणून ठीक आहे हो, पण बिल्डिंगची वाट लागली त्याचं काय?”

“अहो, तीस वर्षं हेच काम करतोय मी. सळ्या काही शोषत नाहीत. ओल तुमच्या बाथरूमची आहे.”

“तीस वर्षं. तेच लिहिलंय ना तुम्ही खाली.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्कूटरच्या कंपनीने मला किती पैसे दिले, असं मागून कोणीतरी विचारलं. हात वर झाले. सोमवारपासून पार्किंगमध्ये चार्जिंग बंद, लिफ्टमधून बॅटरी न्यायला मनाई. बाथरूम सुटलं.

मी तणतणत घरी आलो. त्याच दिवशी खाली जाऊन किरणची बॅटरी चार्ज करण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवली, दोन्ही फोटो काढले, आणि ‘यंत्रपेठ’वर लिहिलं, ‘मी करून पाहिलं. वजन तेवढंच भरतं. आधीची प्रतिक्रिया थट्टा होती.’ तीन उत्तरं आली. एक, सर छान माहिती. दोन, आधी वरची जुना फ्यूज यांची प्रतिक्रिया नीट वाचा. तीन, हा खोटा आयडी दिसतो, खरे फ्यूज सर असं लिहिणार नाहीत. असल्या लोकांपुढे अक्कल पाजळण्यापेक्षा पिलराशी बोललेलं बरं.

सोमवारी संध्याकाळी किरण कामावरून आली तेव्हा मी जिन्यापाशी उभा होतो. लिफ्टच्या दारावर नवी पाटी चिकटवली होती. तिच्या घरी चार्ज करायला मी स्कूटरमधून बॅटरी काढून उचलली. तू लिफ्टने जा म्हटलं, तरी किरण कठडा धरून माझ्यामागे चढू लागली.

“याची तक्रार कर तू,” मी म्हणालो. “असा ठराव करताच येत नाही यांना.”

“करणार आहे. पण निकाल लागेपर्यंत रोज कामाला जायचंय ना, काका.”

दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. बॅटरी खाली ठेवून मी पायरीवर टेकलो. ती माझ्या वरच्या पायरीवर बसली आणि मोबाइल काढून वाचायला लागली. माझीच प्रतिक्रिया. स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. फ्रिजवाला, फ्रीझरवाला, ओलवाले, सगळे वाचले.

“काका, यांतली तुमची कुठली आणि त्यांची कुठली, हे कसं ओळखायचं?”

“अगं, माझी थट्टा आहे. वाचताना कळतंच की.”

“कोणाला कळलं?”

मला सुबोधचं नाव घ्यायचं होतं. पण सुबोध ते वाचायला तिथे नव्हताच, आणि हे लिहिण्याआधीपासून मला ते माहीत होतं.

किरणने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कठडा धरून उठली. “चला,” ती म्हणाली, “अजून दोन मजले आहेत. आणि उद्या सकाळी खाली पण न्यायचीय.”