हद्दीचा नारळ

नावघाटला गोदावरी दरसाल पावसाळ्यात कूस बदलते आणि तिच्याबरोबर जिल्ह्याची हद्दही सरकते. नकाशावाल्यांना हे कोणी कळवलेलं नाही. अलीकडचा काठ परभणीचा, पलीकडचा बीडचा. मधल्या वाळूच्या बेटाचा निकाल मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येच्या सणाला लागतो. वरच्या अंगाला नारळ सोडायचा. तो पलीकडच्या धारेनं गेला तर बेट परभणीचं, अलीकडच्या धारेनं गेला तर बीडचं. वाटेत त्याला कोणी हात लावायचा नाही.

अलीकडच्या बायनाबाईनं यंदा अमावस्येची वाट पाहिली नव्हती. गेली चार वर्षं नारळ पलीकडूनच जात होता, म्हणून तिनं बेटावर आधीच शेणखत वाहिलं, टरबुजं लावली. वेल हातभर झाले होते. नवरा बन्सीधर "थांब" म्हणाला होता. पण तो लग्नापासून तेवढंच म्हणत आला होता.

नारळ सुटला, डुलत डुलत दोन धारा फुटतात तिथवर आला आणि पाण्यात बसलेल्या म्हशीच्या शिंगाच्या बाकात अडकला. म्हैस बायनाबाईची होती.

आता म्हैस ज्या धारेत शिरेल, त्यावर बेटाचा निकाल. दोन्ही गावं काठावर बसली. सणाची आंबील संपली, भज्जी संपली. म्हैस रवंथ करत होती.

पलीकडचे दत्तराव नावेतून मुद्दाम अलीकडं आले होते. म्हणाले, "बाई, म्हैस काय म्हणायलीय?"

"बसलीय. बसू द्या."

"बसू द्या की. आमाला कुठं जायाचंय?"

बन्सीधर बायकोच्या कानाला लागला, "तू पलीकडं जाऊन हाक मार."

तीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच 'थांब' सोडून काही बोलला होता, म्हणून तिनं ऐकलं. ती दत्तरावांच्याच नावेतून पलीकडं गेली. दत्तरावही नाव राखायला म्हणून सोबत गेले.

"हां, ये माय! ये!"

म्हशीनं मान वळवून पाहिलं. घर अलीकडं, मालकीण परजिल्ह्यात. असल्या बाईचं ऐकावं असं तिला वाटलं नसावं. तेवढ्यात अलीकडं दाव्याला बांधलेलं रेडकू ओरडलं. दुधाची वेळ झाली होती. म्हैस उठली, अलीकडच्या धारेत शिरली, मान झटकली. नारळ सुटून त्याच धारेनं खाली गेला.

पलीकडच्या गावानं टाळ्या वाजवल्या. बायनाबाई वेलांकडं बघत उभी राहिली.

"बेट आमचं झालं, बाई," दत्तराव म्हणाले.

"झालं. पानी कोन घालनार? तुमची समदी तरनी मानसं ऊसतोडीला गेलीत. अन् तुमचे गुडघे तर नावेत चढतानाच बोंबलायलेत."

दत्तरावांनी गुडघे चोळले. "निम्म्यानं करा."

"पानी मी घालनार, खुरपनार मी. तुमी काय करनार?"

"राखण."

"चोर न्हाई, डुक्कर न्हाई. राखन कुनापासून?"

दत्तरावांनी नदीकडं बोट दाखवलं. पान्हा सोडून मोकळी झालेली म्हैस पुन्हा पाण्यात उतरली होती, आणि या खेपेला सरळ बेटाकडं निघाली होती.

"निम्म्यानं," बायनाबाई म्हणाली, "पन पळा आदी!"