पहिली लादी

हरेश्वरतात्या सकाळी गेला आणि त्याच्या दारात पहिलं भांडण झालं ते बर्फावरून.

मुलगा अल्पेश जहाजावर नोकरीला, उद्या दुपारशिवाय पोचत नव्हता. वैशाखाचं ऊन, आणि थंड पेटी दुसऱ्या मयताला गेलेली. कुणीतरी म्हणालं, शेटच्या कारखान्यातून लाद्या आणू. तशी तात्याच्या उशाशी बसलेली त्याची बायको भागूबाई कडाडली.

"त्याचा बरफ माज्या मानसाखाली नाय जायाचा!"

तिचं चुकत नव्हतं. एके काळी आमच्या राजोडीत बर्फ फक्त या शेटच्या आजोबाकडे मिळायचा. बर्फ त्याचा, म्हणून मासळीचा भावही त्याचा. कुरकुर केली की बर्फ बंद, आणि मासळी बोटीतच कुजायची. तेव्हा तात्यानं दारोदार शिव्या खाऊन मच्छीमारांची सोसायटी उभी केली, सोसायटीचा बर्फाचा कारखाना काढला. पहिली लादी निघाली ती फोडून प्रसादासारखी गावभर वाटली. बोळकी तोंडंसुद्धा चघळत होती. शेटच्या बर्फाला पुन्हा शिवणार नाही, अशी शपथ तात्यानं तिथंच घेतली.

पुढे नातवानं, म्हणजे आताच्या शेटनं, बर्फ स्वस्त केला आणि सगळं गाव तिकडे पळालं. गरज सरो, वैद्य मरो! सोसायटीचं यंत्र बंद पडलं ते बंदच राहिलं. तात्या मात्र रोज कारखाना उघडून उंबऱ्यावर बसायचा. आम्ही त्याला हसायचो. मेले आम्ही!

शेवटी रिचर्ड पुढे झाला. त्याची बोट नुकतीच किनाऱ्याला लागली होती.

"काकी, माज्या बोटीत बरफ उरलाय. तो आनतो. आपल्या बोटीतला, शेटकडचा नाय."

आम्ही टोपल्या भरून आणल्या. बर्फाला मासळीचा वास येत होता, खवले चिकटले होते. तात्याखाली प्लास्टिक अंथरलं. रिचर्डची बोट काय न् आमच्या बोटी काय, सगळ्यांत बर्फ एकाच कारखान्याचा. आम्हाला ते ठाऊक होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही.

भागूबाईनं टोपलीतला एक खडा उचलला, लुगड्याला पुसला, तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"त्याचाच हाय ना रे?"

रिचर्डनं मान खाली घातली.

"पसरा," ती म्हणाली. "आता तो कुठं उठून बगनार हाय!"

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. आम्ही बर्फ पसरत राहिलो. हात बधिर झाले, तरी कुणी थांबलं नाही.