सुंदराबाईंचे गाणे अडखळले तेव्हा

धायरीतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी, गोणपाट पांघरून पडलेला जुना संगणक म्हणजे मी. मित्रांनो, लपाछपी खेळताना तुम्ही माझ्यामागे दडता, पण मला कधी काही विचारत नाही. म्हणून आज आपणहून सांगतो.

दोन हजार सहा साली चेतन नावाच्या तरुणाने पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून एकेक भाग निवडून आणला आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर मला जोडले. चेतन हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचे वडील दशरथराव अमरावतीकडून येऊन पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर उभे राहिले होते. निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आला आणि त्यांच्यासाठीच चेतनने मला घडवले. माझ्या पोटात त्याने टीव्हीचे कार्ड बसवले. केबलची वायर माझ्यात यायची आणि चित्र समोरच्या मोठ्या मॉनिटरवर दिसायचे. दशरथराव डाव्या हाताने रिमोट दाबून चालू बातम्या थांबवायचे, मागे न्यायचे. घरातला जुना टीव्ही चेतनने त्याच आठवड्यात देऊन टाकला. पाहुणे आले की तो माझे कौतुक सांगे, आणि मला वाटे, आपण या घराचे कोणीतरी आहोत.

फक्त दिसायला मी ओबडधोबड होतो. म्हणून त्याने मला भिंतीतल्या कपाटात ठेवले आणि दार लावून टाकले.

वर्षभरातच मी अडखळू लागलो. साठवलेला सिनेमा नीट चाले. पण चालू कार्यक्रमात येणारे चित्र स्वतःत लिहून साठवायचे आणि त्याच वेळी दाखवायचेही, असे दुहेरी काम असते. तिथे मला धाप लागे. बातम्या देणाऱ्याचे तोंड उघडेच राही, आवाज तुटे, मग चार शब्द एकदम पळत. दशरथराव हसून म्हणत, "हा... माझ्यासारखाच... बोलतो."

चेतनने हात टेकले नाहीत. वायर बदलली, केबलवाल्याला बोलावून सिग्नल तपासून घेतला, कार्डाचे सॉफ्टवेअर नवे घातले, शेवटी मला पूर्ण पुसून पहिल्यापासून उभे केले. दोन दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. एकदा चेतनची आई, सुंदराबाई, कपाट पुसत होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"चेतन, हा तव्यासारखा तापलाय रे. याला बाहेर काढ."

"आई, त्यातलं तुला कळत नाही," चेतन पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. सुंदराबाईंनी फडके झटकले आणि दार लावले. मला बोलता येत नव्हते.

सुंदराबाई विहारातल्या महिला मंडळात गात, पण कायम मागच्या रांगेत. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेचा मंडळाचा कार्यक्रम एका स्थानिक केबल वाहिनीवर थेट दाखवणार होते, आणि एक गाणे सुंदराबाईंना एकटीने म्हणायचे होते. महिनाभर त्या स्वयंपाकघराचे दार लोटून सराव करत. दशरथरावांनी ऐकव म्हटले तर सांगत, "अहो, आता टीव्हीवरच ऐका."

त्या दिवशी सून पूर्वा त्यांच्याबरोबर गेली. चेतनने वडिलांची दाढी केली, पांढरा सदरा घातला, पाठीला दोन उशा लावल्या. मे महिना होता. दुपारपासून कपाटात मी नुसता भाजत होतो. संध्याकाळी सहाला गाणे सुरू झाले. पहिली ओळ स्वच्छ उमटली. दुसऱ्या ओळीला सुंदराबाईंचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. आवाजाचे तुकडे झाले, मग तेही थांबले. चेतनने मला बंद करून पुन्हा चालू केले. मी जागा झालो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. दशरथराव रिमोट दाबून मागे जायला बघत होते, पण मागेही काही नव्हते. जे मला दाखवता आले नाही, ते लिहूनही ठेवता आले नव्हते.

"तिला... सांगू नको," एवढेच ते म्हणाले.

सुंदराबाई घरी आल्या. चप्पल काढता काढता त्यांनी विचारले, "कसं झालं?"

"छान," दशरथराव म्हणाले. "तिसरं कडवं... तर फारच."

सुंदराबाईंनी चप्पल कोपऱ्यात सरकवली. "बरं झालं," म्हणून आत गेल्या. आतून त्यांचा हलका आवाज मला ऐकू आला. पूर्वाला सांगत होत्या, "तिसरं कडवं तर मी विसरलेच होते गं. दोनच कडवी म्हणून स्टेजवरून उतरले. यांना काहीच दिसलेलं नाही. बोलू नकोस पण. बघ कसे नटून बसलेत."

दुसऱ्या दिवशी चेतनने मला पहिल्यांदा उघडले. पंख्यावर धुळीचा थर घोंगडीसारखा बसला होता, पाती धड फिरत नव्हती. त्याने ब्रशने सगळे साफ केले, मला कपाटाबाहेर ठेवले आणि मी अडखळायचा थांबलो. 

आता सुंदराबाई गाणे घरी म्हणतील, असे मला वाटले होते. पण त्या गाण्याचा विषय दोघेही टाळत राहिले. तो निघाला तर नवऱ्याचे खोटे उघडे पडेल याची बाईंना धास्ती, आणि बाईंचे मन मोडेल याची नवऱ्याला. आषाढात दशरथराव गेले. गाणे त्यांनी पुरते ऐकलेच नाही.

पुढे घरात सेटटॉप बॉक्स आला आणि मी इथे. सुंदराबाई अजून विहारात गातात, मागच्या रांगेत.

मित्रांनो, यंत्राला मोकळी हवा द्या, त्याची धूळ काढत जा. आणि घरातले कोणी म्हणाले की हे तापलेय, तर ते कोण म्हणते ते बघू नका. उठा आणि स्वतः हात लावून बघा. माझी धूळ काढायला चेतनला जेमतेम पाव तास लागला होता.