आठव्या खेपेचं तांबं

जपान्यांनी जावा बेट घेतलं आणि तिथून येणारं कोयनेल आटलं, तेव्हा हिवतापाची गोळी आपणच बनवावी असं अख्ख्या नंदुरबारात वाटलं ते एकट्या गौतमचंदला. गडी मुंबईहून एम.एस्सी. होऊन आलेला. बाप खेमराजचं कापडाचं दुकान. त्याने बजावलं होतं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, काय ते धंदे कर, मग मुकाट गादीवर बस. सुटकेची वाट एकच होती. मुंबईच्या एका कारखान्याने लिहिलं होतं, गोळीच्या पहिल्या टप्प्याचे तोळाभर स्फटिक पाठवा, नोकरी तुमची.

टप्पा म्हणजे दोन कार्बनी कडी जोडायची. ती मेली एकमेकांकडे बघायला तयार नसतात. पण तांब्याचा कीस टाकून तापवलं की सोयरीक जमते, असं जर्मन पुस्तक म्हणत होतं. गौतमचंदने गोठ्यात शेगडीवर सात वेळा तापवलं. सातही वेळा डांबर.

आठव्या खेपेआधी भांडी घासणाऱ्या कमलबाईला वाटीतला काळवंडलेला कीस दिसला. तिने तोही घासून, वाळवून ठेवला. गौतमचंदने थयथयाट केला, तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि दुसरा कीस नव्हता म्हणून तोच वापरला. चंबूत स्फटिक धरले. या वेळी आपली आच अचूक लागली, असं पठ्ठ्याने ठरवून टाकलं.

पण निघाला अर्धाच तोळा. मग नवा कीस, नववी खेप आणि पुन्हा डांबर. आखाजी दोन दिवसांवर आली, तेव्हा कुठे विद्वानाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो कमलबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“त्या तांबाले काय लायं व्हतं?”

“चिंच नी मीठ. तुम्हनी मायना हंडाले लावस तेच.”

“तवय का नही सांगं?”

“तुमीन इचारं कोठे? हाकली दिन्हं.”

गौतमचंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चाल, कामवर ये,” तो म्हणाला.

“मी येस. पन तुम्हनं डांबर सात दाव मी खरडं. आते तुम्ही खरडा.”

त्याने नखं मोडेपर्यंत चंबू खरडला. तिने कीस घासून दिला. दहाव्या खेपेला तोळा भरला, आणि तो कारखान्याला कृती लिहायला बसला.

“काय लिखी ऱ्हायनात?” कमलबाईने विचारलं.

“तांबं कसं घासं ते.”

“मंग मन्हं नाव लिखा.”

“लिखं,” तो म्हणाला. कागदावर नावाच्या जागी ‘मी शोधलेल्या पद्धतीने’ एवढंच होतं, आणि कमलबाईला अक्षरओळख नव्हती.