स्वखुशीने थांबलेला माणूस

माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. न्हाव्याच्या धंद्यात ते खपून जातं. खुर्चीतलं गिऱ्हाईक सरकारला शिव्या घालो नाहीतर सासूला, हे मागून कात्री चालवत "हो साहेब" म्हणणार. पण त्या दिवशी हायकोर्टात मला याच सवयीची धास्ती होती.

धाकट्या दिरावर मारामारीचा गुन्हा. तो पळाला, तर पोलिसांनी दुकानातून यांनाच उचलून नेलं. का, ते सांगितलं नाही, कुठल्या कोर्टापुढे उभं केलं नाही, मला भेटूही दिलं नाही. शेवटी वकीलबाईंनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. नाव एखाद्या आजारासारखं, पण अर्थ सरळ: डांबलेला माणूस समोर आणा आणि कुठल्या कायद्याने डांबलात ते सांगा.

आणलं एकदाचं. जन्मभर दुसऱ्यांच्या दाढ्या करणारा माणूस, स्वतःचीच रानासारखी वाढलेली.

"डांबलेलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "चौकशीसाठी स्वखुशीने थांबलेत."

जजसाहेबांनी यांना विचारलं, "स्वतःहून गेला होतात?"

"हो साहेब."

मी कपाळाला हात लावला. वकीलबाई कुजबुजल्या, "काकू, हे काय चाललंय?"

"सवय आहे हो ती!"

"आणि स्वतःहून थांबलात?" जजसाहेबांनी पुढे विचारलं.

"हो साहेब."

इन्स्पेक्टरांची छाती फुगली. जजसाहेब चष्मा काढून यांच्याकडे बघत राहिले. मग घरातल्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "आता घरी जायचंय?"

"हो साहेब." या वेळी प्रश्न संपायच्या आतच.

"मग जा की. दार उघडं आहे."

हे निघाले, तोच इन्स्पेक्टर आडवे आले. "असं कसं साहेब? भाऊ सापडेपर्यंत यांना सोडता यायचं नाही!"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"ज्याला जाता येत नाही, तो स्वखुशीने थांबलेला नसतो," जजसाहेब म्हणाले आणि तिथल्या तिथे निकाल दिला. ही अटकच आहे, तीही कारण न सांगता, म्हणून बेकायदा. भावाच्या गुन्ह्यासाठी भावाला ठेवून घेता येत नाही. ताबडतोब सोडा.

बाहेर जिन्यावर मी यांचा दंड धरला. "अहो, एकदा तरी नाही म्हणायचंत!"

दंड दाबला जाताच हे कळवळले. "म्हटलं होतं," हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी, चौकीत."

मी हात सोडला आणि यांच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले.